हाकांचं रजिस्टर

पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीवर उभं आयुष्य काढलेल्या माणसाचा आवाज कसा असतो, हे ज्याला माहीत नसेल त्याने एकदा भिलाईच्या सेक्टर सहात यावं. मी आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात बसून चहा मागितला की पार पलीकडच्या मरोदा वस्तीतल्या टपरीवर आधण चढतं. भट्टीच्या धडधडीवर मात करून बोलायची सवय. मी रिटायर झालो, पण भट्टी घशातून काही रिटायर झाली नाही. अशा या आवाजातलं माझं पन्नास मिनिटांचं बोलणं एका मशीनला ऐकवलं, तर मशीनने पन्नास मिनिटांखाली एकच शब्द लिहिला: संगीत.

तो कागद मी छापून घेतला आणि महिनाभर खिशात घालून हिंडलो. भाजीवाल्याला दाखवला, दाताच्या डॉक्टरला तोंड उघडायच्या आधी दाखवला. ज्या पोराला शाळेत प्रार्थनेच्या वेळी "तू नुसते ओठ हलव" असं मास्तर सांगायचे, त्याला म्हातारपणी का होईना, न्याय मिळाला होता. मग सूनबाईने हळूच सांगितलं की मशीनला बोलणं कळेनासं झालं की ते गोंगाटाखाली असंच काहीतरी लिहून मोकळं होतं. मी म्हणालो, त्याला कळलं नाही हा त्याचा कमीपणा, मला संगीत म्हटलं हा त्याचा मोठेपणा. पण गंमत तिथेच संपली, आणि भांडण सुरू झालं.

आमच्या मराठी मंडळाची एक वेबसाइट आहे. बरीच वर्षं आम्ही एक काम नेमाने केलं: रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये पोहे झाले की एका म्हाताऱ्या माणसाला खुर्चीत बसवायचं, समोर कॅमेरा लावायचा आणि म्हणायचं, बोल. ही सगळी भंडारा-गोंदियाकडून शेतीवाडी सोडून प्लांटमध्ये आलेली माणसं आणि त्यांच्या बायका. यांना बोल म्हणणं सोपं, थांब म्हणणं कठीण. एक काका आपल्या पहिल्या सायकलीवर बोलायला बसले ते पायडलपर्यंत पोचता पोचता जेवणाची वेळ झाली. हे सगळे व्हिडिओ वेबसाइटवर चढवले. कोणी सलग बघायला बसला तर त्याची साडेसाती सुरू होऊन संपेल, आणि तरी मरोद्याच्या तलावावरचा माझा बिबट्या शिल्लक राहील. हा बिबट्या पहिल्यांदा सांगितला तेव्हा मांजरीपेक्षा थोडा मोठा होता. आता तो तलावात मावत नाही.

अडचण एकच. शोधायचं कसं? कोणाला आपल्या आजोबांबद्दल, जुन्या बाजाराबद्दल काही ऐकायचं असेल तर अख्खे व्हिडिओ बघत बसा. म्हणून कोणीच बघत नव्हतं.

त्यावर उपाय आणला आमच्या सचिवसाहेबांनी. साहेब प्लांटमधून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले, मूळचे पुण्याकडचे, आता दुर्गला मोहन नगरात घर. त्यांची मराठी इतकी स्वच्छ की वाटतं माणूस शब्द धुऊन, इस्त्री करून, हँगरला लावून आणतो. त्यांनी सभेत सांगितलं, आता अशी सोय निघाली आहे की मशीन व्हिडिओ स्वतः ऐकतं, ऐकलेलं लिहून काढतं, आणि मग तुम्ही एखादा शब्द टाइप केला की तो ज्या व्हिडिओत ज्या मिनिटाला बोलला गेला असेल, नेमका तिथेच व्हिडिओ उघडतो. काम करायला माझी सून. ती सेक्टर दोनच्या मल्याळी घरातली. घरी बसून कुठल्याशा बंगळूरच्या कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करते. मराठी ती शिकली ती फक्त आमच्या घरात. म्हणजे तिला मराठी येते ती आमचीच. साहेबांची मराठी तिला सबटायटलशिवाय समजत नाही.

तिने मशीन लावलं. साहेबांच्या भाषणाचं मशीनने असं लिहून दिलं की थेट लग्नपत्रिका छापावी. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. आणि आमचं? कुठे संगीत, कुठे नुसते ठिपके, कुठे अशी वाक्यं की वाचताना वाटावं, बोलणाऱ्याला ताप चढलेला आहे. आम्ही बोलतो नागपुरी, मध्ये हिंदी, चवीला छत्तीसगढी, आणि प्लांटचे सगळे शब्द इंग्रजी. त्या मशीनला असा माणूस कोणी दाखवलाच नव्हता.

आठवड्याभरात साहेबांची सूचना मंडळाच्या फळ्यावर लागली. ज्या व्हिडिओंचं लिखाण मशीनला जमलं नाही, ते 'शोधण्यास अयोग्य' असल्याने वार्षिक सभेच्या दिवशी वेबसाइटवरून काढून टाकण्यात येतील. ज्यांची इच्छा असेल त्यांनी प्रमाण मराठीत, कागदावर लिहून आणून, दहा मिनिटांत पुन्हा बोलावं.

माझं म्हणाल तर मी पुन्हा बोललो असतो. मला फक्त निमित्त लागतं. पण त्या यादीत माझ्या वहिनींचा व्हिडिओ होता.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा ब्लास्ट फर्नेसला होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली, आणि तेव्हापासून वहिनी आमच्याकडेच असतात. त्या काळी घरोघरी कॅमेरा कुठला? दादांचा फोटो एकच, ओळखपत्रावरचा, त्यातही ते असे दिसतात की जणू फोटोग्राफरने त्यांना अटक केली आहे. आवाज कुठेच नाही. जे काही दादा या जगात उरले होते ते वहिनींच्या त्या एका तासात. आणि त्यांची मुलगी, माझी पुतणी, हैदराबादला असते. तिला आपल्या लेकीला आजोबा ऐकवायचे होते. शोधायची सोय झाली हे कळल्यावर तिने वेबसाइटवर बापाचं पूर्ण नाव टाइप केलं. उत्तर आलं: काहीही सापडलं नाही. तिने आईला फोन केला.

वहिनी फोन ठेवून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"एक घंटा बोलली होती मी, भाऊजी. पोहे थंड झाले माहे. आन मशीन म्हणते असा माणूसच नाही."

"मशीनले आपली भाषा समजत नाही, वहिनी."

"मंग शिकवा त्याले. तुमी नाही का नव्या पोट्ट्याइले भट्टी शिकवली? हे काय त्याच्याहून ढ आहे?"

मग आम्ही कामाला लागलो. दुपारची जेवणं झाली की आमच्या हॉलमध्ये कॉम्प्युटर लागायचा. कूलर बंद, कारण त्याच्या घरघरीत ऐकू येत नाही. भिलाईचा मे महिना आणि कूलर बंद. मी सांगतो, कोक ओव्हनवर मला इतका घाम आला नाही. सूनबाई चार शब्द वाजवायची, थांबवायची, वहिनी स्वतःचं बोलणं स्वतः पुन्हा सांगायच्या, आणि ती टाइप करायची. "मले", "तुले", "कावून", "करून राहिलो", असे शब्द तिने मशीनच्या यादीत वेगळे घातले, म्हणजे पुढच्यांच्या वेळी ते अडखळणार नाही. खरं सांगायचं तर थोडं सुधारलंही. माझ्या भाषणात त्याला आता बिबट्या दिसू लागला.

वहिनींच्या त्या तासात अर्ध्याहून जास्त तक्रारी होत्या. दादा जेवताना बोलत नसत. दादा सायकल असूनही ती हातात धरून पायी चालत, टायर झिजतात म्हणून. आणि एका दिवाळीला वहिनींसाठी लुगडं आणायला म्हणून गेले ते हात हलवत परत आले, "दुकान बंद होतं" म्हणाले. त्यावर वहिनी भाऊबीजेपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. हे सगळं आता शब्दाला शब्द लिहून झालं. सूनबाईने मोठ्या डौलाने दादांचं पूर्ण नाव टाइप केलं.

काहीही सापडलं नाही.

तिने पुन्हा केलं. मग तिने सगळं लिखाण वरपासून खालपर्यंत वाचलं आणि डोक्याला हात लावला. "मोठ्याआई, पूरे एक घंटे में तुम्ही मोठ्या बाबांचं नाव एकदा पण नाही घेतलं."

"नाव कशी घेईन मी?"

"फिर क्या बोला?"

"आमचे. हे. पोरीचे बाबा. अजून काय म्हणतेत?"

मी हसायला लागलो, तर सूनबाईने माझंही लिखाण काढलं. पन्नास मिनिटांत मी भावाबद्दल तीनदा बोललो होतो, तिन्हीदा "आमचे दादा". थोरल्या भावाचं नाव तोंडाने घ्यायचं? मग आम्ही बाकीचेही चाळले. कोणीच कोणाचं नाव घेतलं नव्हतं. बायकांनी नवऱ्यांचं नाही, धाकट्यांनी थोरल्यांचं नाही, आणि शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांचं तर मुळीच नाही. टाउनशिपमध्ये नाव कोण वापरतो? माणूस ओळखला जातो तो त्याच्या शॉपवरून, नाहीतर गावावरून, नाहीतर स्ट्रीटवरून. रेल मिलवाले काका. तिरोडावाले. कोपऱ्यावरची काकू. आख्ख्या पिढीने रविवारच्या रविवार मन मोकळं केलं होतं, आणि त्यात एक माणूस नावाने हजर नव्हता. मशीनने मन लावून ऐकलं असतं तरी त्याला सापडलं काय असतं?

हे साहेबांच्या कानावर गेलं, आणि ते स्वतः मोहन नगरातून आमच्याकडे आले. चहा झाला. साहेब समजूतदारपणे वहिनींकडे वळले.

"वहिनी, प्रश्न अगदी साधा आहे. पुन्हा बोला, दहाच मिनिटं. सुरुवातीलाच यजमानांचं नाव घ्या, म्हणजे ते सापडतील."

"ते हरपले कुठी होते?"

"तसं नव्हे. वेबसाइटवर सापडतील."

"नाव नाही घेत मी."

"लग्नात घेतलं असेल ना, उखाण्यात?"

"घेतलं होतं. सासूनं दार अडवलं होतं म्हणून घेतलं. तुमी दार अडवून राहिले का?"

साहेबांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही तरी समजवा. काळाबरोबर थोडं बदलावं लागतं."

"साहेब," मी म्हणालो, "आम्ही गाव बदललं, धंदा बदलला, पाणी बदललं. भाषेचाही निम्मा अर्धा हिस्सा बदलून झाला. आता एखादी गोष्ट मशीनलाही बदलू द्या."

"सभेत बघू," साहेब म्हणाले आणि उठले. वहिनींनी त्यांना दारापर्यंत पोचवलं, चिवड्याची पुडीही दिली. आमच्याकडे भांडण वेगळं, चिवडा वेगळा.

त्या संध्याकाळी सूनबाईने डोकं चालवलं. म्हणाली, नाव नाही तर नाही, हाका तर आहेत. प्रत्येक नावासमोर त्या माणसाला लोक काय काय म्हणायचे ते लिहून मशीनला दिलं, की नाव टाकल्यावर त्या सगळ्या हाका जिथे जिथे बोलल्या गेल्या ते व्हिडिओ उघडतील. एवढंच की कोणाला कोण काय म्हणायचं, हे मशीनला कोण सांगणार?

वहिनी उठल्या, आतून एक लांब रजिस्टर घेऊन आल्या आणि चष्मा पुसला.

पुढचे पंधरा दिवस भिलाईने जे पाहिलं ते पुन्हा पाहणार नाही. पुढे सूनबाई स्कूटरवर, मागे वहिनी एका बाजूला पाय टाकून, मांडीवर रजिस्टर. लोकांना वाटलं जनगणना सुरू झाली. एका घरी घाबरून आधार कार्डं काढून ठेवली. सेक्टर सहा झाला, मग बाकीचे सेक्टर, मग मरोदा. दर घरी चहा. मी शपथेवर सांगतो, त्या पंधरवड्यात दुर्ग जिल्ह्यात साखरेची टंचाई पडली. डावीकडे नाव, उजवीकडे हाका. काही हाका अशा होत्या की वहिनींनी त्या मला वाचू दिल्या नाहीत. सूनबाईला मात्र सगळ्या टाइप कराव्या लागल्या, आणि तिची मराठी एका पंधरवड्यात वीस वर्षांनी पुढे गेली.

दादांच्या पानावर डावीकडचं नाव सूनबाईने लिहिलं. तेवढा वेळ वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. उजवीकडे ब्लास्ट फर्नेसवाले, स्ट्रीटवाले, गोंदियाचे, असं जमत गेलं, आणि मरोद्यात एक नवीच हाक मिळाली: सायकलवाले भाऊ. सायकल आहे पण बसत नाही, असा त्या वस्तीत एकच माणूस ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूनबाईने दादांचं नाव टाइप केलं. या खेपेला व्हिडिओ आले. वहिनींचा, माझा, दोन-तीन फर्नेसवाल्यांचे. आणि शेवटी एक असा, जो आमच्यापैकी कोणीच कधी पुरता पाहिला नव्हता. मरोद्याची एक म्हातारी बाई, डोक्यावर पदर, थेट कॅमेऱ्यात बघून बोलत होती.

"सायकलवाले भाऊ नसते तर माहा मोठा पोरगा रस्त्यावरच झाला असता. घरी कोणी नाही, दिवाळीचे दिवस. भाऊ बाजाराकडून येऊन राहिले होते. मले कॅरियरवर बसवलं आन दवाखान्यापावेतो सायकल ढकलत नेली, पायी. पिशवीत नवं लुगडं होतं त्याइच्या. मले थंडी वाजून राहिली म्हणून ते कोरं लुगडं माह्या अंगावर टाकलं. मंग पोरगं झालं तर त्याच्यातच गुंडाळलं. वापस देईन म्हटलं तर म्हणे, राहू द्या वैनी, घरी सांगून देईन काही."

सूनबाईने थांबवलं. मी वहिनींकडे पाहिलं नाही, कूलरकडे पाहिलं.

"म्हणजे दुकान उघडं होतं," वहिनी म्हणाल्या.

मग: "भाऊबीजेपर्यंत बोलली नाही मी त्या माणसाशी. आन त्याइनं तोंडातून चकार शब्द नाही काढला." आणि मग, सूनबाईकडे न बघता, "लाव परत."

आम्ही ते सात-आठ वेळा ऐकलं. हैदराबादला फोन झाला, तिकडेही ऐकलं गेलं. पुतणी रडत रडत विचारत होती, आई, ते लुगडं कोणत्या रंगाचं होतं गं? वहिनी म्हणाल्या, "मले काय माहीत? मी पाहिलं कुठी?"

सभेच्या दिवशी हॉल असा भरला की पोह्यांच्या पातेल्याला उभं राहायला जागा नव्हती. साहेबांनी पडद्यावर वेबसाइट लावली. त्यांना दाखवायचं होतं की आमचे व्हिडिओ शोधता येत नाहीत. त्यांनी स्वतःच्या हाताने दादांचं नाव टाइप केलं. पडदा भरला. साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला.

"पण यात नाव कुठे आहे?"

सूनबाईने समजावून सांगितलं. साहेब म्हणाले, "म्हणजे हे मशीनने केलेलं नाही. तुम्ही हाताने केलं."

"साहेब," मी म्हणालो, आणि मागच्या भिंतीचा पोपडा पडला, "मशीनने अर्धं ऐकलं, अर्धं आम्ही ऐकवलं. प्लांटमधलं कोणतं काम याहून वेगळं झालंय? हातानं केलं म्हणून तिथलं लोखंड कधी परत पाठवलं का तुम्ही?"

"नियम नियमच असतो," साहेब म्हणाले. "एकासाठी अपवाद केला तर—"

"एकासाठी नाही," वहिनी पहिल्या रांगेतून म्हणाल्या. "रजिस्टरात सगळे आहेत. तुमी पण आहे."

हॉलमध्ये एकदम खोकल्याची साथ आली. साहेबांनी सूनबाईकडे पाहिलं. सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं. साहेबांनी सावकाश स्वतःचं नाव टाइप केलं.

त्यांचं भाषण एक आलं, आणि त्याखाली व्हिडिओंची अशी रांग, की माऊसचं चाक फिरवता फिरवता त्यांचं बोट थकलं. त्यांनी पहिल्यावर टिचकी मारली. रोलिंग मिलच्या एका काकांचा आवाज हॉलभर घुमला.

"दोन मिनिटवाले साहेब गेटवर घड्याळ घेऊन उभे. मी म्हटलं, साहेब, सायकलची चेन उतरली. तर म्हणे, उद्यापासून चेन घरीच उतरवून येत जा."

सगळा हॉल हसला. हसणं ओसरलं तरी साहेब पडद्याकडेच बघत होते.

"दोन मिनिटवाले?" ते म्हणाले.

"दोन मिनिटं उशीर झाला तरी हाजिरीवर लाल रेघ," मागून कोणीतरी सांगितलं. आवाजात राग नव्हता; होता तो केव्हाच जुना झाला होता.

"हे... सगळ्या व्हिडिओंत आहे?"

"जवळपास," सूनबाई म्हणाली. "सर, आप चाहो तो तुमचं पान काढून टाकते मी."

साहेबांनी उत्तर द्यायच्या आधी वहिनी उठल्या. रजिस्टर छातीशी धरलेलं. "पान निघणार नाही. काढायचं असन तर सगळंच काढा, आमचे बी जाऊ द्या, तुमचे बी जाऊ द्या. ठेवायचं असन तर असंच ठेवा, जसं बोललं तसं. धुवायचं नाही."

इतकी वर्षं ज्यांच्यासमोर आमचे दादा टोपी काढून उभे राहायचे, त्यांच्यासमोर ती बाई पदर खोचून उभी होती, आणि बसायला तयार नव्हती. हॉलमधली एकेक म्हातारी उठून तिच्या मागे उभी राहू लागली. मीही उठलो. मी उठलो म्हणजे खुर्ची पडली, तेवढाच माझा वाटा.

साहेबांनी फळ्यावरच्या सूचनेचा कागद हातात घेतला होता, तो टेबलावर ठेवला. खुर्ची पडद्याजवळ ओढली, घड्याळाकडे पाहिलं, मग घड्याळ मनगटावरून काढून खिशात टाकलं आणि बसले.

"राहू द्या सगळे," ते म्हणाले. "पुढचा लावा. हे तिरोड्याचे कोण, ते काय म्हणतात बघू."